जीन टाकणं सोपं, प्रोटीन काढणं कठीण: बॅक्टेरियाकडून इन्सुलिन करून घ्यायची पद्धत

आमच्या डिचोलीच्या घरात आजीला इन्सुलिन सुरू झालं तेव्हा तिने डोस किती, सुई दुखते का, असलं काही विचारलं नाही, पहिला प्रश्न "गो बाय, हे डुकराचं नाय ना?" शेजारणीने तिला सांगून ठेवलेलं की शुगरचं इंजेक्शन डुकराच्या पोटातून काढतात. मी तेव्हा एमएस्सी बायोटेकला होते, जोरात हसले. पण नंतर वाटलं की शेजारीण अगदीच चूक नव्हती, फक्त तिची माहिती जुनी होती. १९२२ मध्ये टोरांटोत पहिल्या पेशंटला इन्सुलिन दिलं, तिथपासून पुढची साठ वर्षं हे औषध गुरांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातूनच काढायचे. कत्तलखान्यातून टनावारी माल आणायचा आणि त्यातून थोडंसंच औषध निघायचं. डुकराच्या आणि आपल्या इन्सुलिनमध्ये ५१ पैकी एकाच अमिनो आम्लाचा फरक आहे, गाईच्यात तीन, म्हणून ते आपल्याला चालायचं, पण काहींना ॲलर्जी यायची. १९८२ मध्ये अमेरिकेत ह्युम्युलिन मंजूर झालं, म्हणजे बॅक्टेरियाने केलेलं माणसाचं इन्सुलिन, आणि मग डुकरं हळूहळू सुटली. आजीला म्हटलं, हे किड्यांनी केलंय. तर म्हणते, "मग बरं."

तर हे बॅक्टेरियाकडून करून घेतात कसं, ते सुरुवातीपासून कुपीत भरेपर्यंत लिहून काढतेय. एक तर टीवाय आणि एमएस्सीच्या पोरांना प्रोजेक्टला उपयोगी पडेल म्हणून, आणि दुसरं म्हणजे आपल्या गोव्यात हे औषध बहुतेक प्रत्येक घराच्या ओळखीचं आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या सर्वेक्षणाचे आकडे आले त्यात डायबिटीसमध्ये गोवा देशात पहिला, २६.४ टक्के. पहिल्या नंबरचा आनंद मानावा असा हा नंबर नव्हे.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण माझी ह्यात तीन वर्षं गेलीत. पुस्तकात रिकॉम्बिनंट डीएनएचं, म्हणजे एकाचा जीन दुसऱ्याच्या डीएनएत जोडण्याचं, एक चित्र असतं, कात्री, डिंक, गोल प्लाझमिड, बाण, बॅक्टेरिया, आणि शेवटच्या बाणापुढे लिहिलेलं असतं "प्रोटीन". सगळ्या भानगडी त्या शेवटच्या बाणात असतात. जीन आत घालणं आठवड्याभराचं काम आहे, प्रोटीन नीट घडी घातलेलं, स्वच्छ, माणसाला टोचता येईल असं बाहेर काढणं हीच खरी टेक्नॉलॉजी. म्हणून खाली सुरुवातीच्या पायऱ्या भराभर येतील आणि नंतरच्यावर मी रेंगाळेन.

आधी ठरवा, काम कोणाला द्यायचं

प्रोटीन बघून कामगार निवडायचा, उलटं नाही. बॅक्टेरिया, म्हणजे ई. कोलाय, स्वस्तात राबतो, वीस मिनिटांत दुप्पट होतो, खायला साधं लागतं. पण त्याला प्रोटीनवर साखरेच्या साखळ्या लावता येत नाहीत, आणि आपल्या शरीरातल्या बऱ्याच प्रोटीनना त्या लागतात. उदाहरणार्थ एरिथ्रोपोएटिन, किडनी फेल झालेल्यांना रक्त वाढायला देतात ते, १६५ अमिनो आम्लं, आणि वजनातला साधारण ४० टक्के भाग नुसती साखर. ती नसेल तर प्रोटीन शरीरातून लगेच निघून जातं, इंजेक्शन फुकट. असल्या कामाला चायनीज हॅमस्टरच्या अंडाशयातून घेतलेल्या पेशी वापरतात, त्यांना सगळे चो पेशी म्हणतात. १९५७ मध्ये थिओडोर पक ह्यांनी त्या वाढवल्या, आणि १९८७ मध्ये त्यांच्यातून आलेलं पहिलं औषध मंजूर झालं, हार्ट अटॅकमध्ये रक्ताची गुठळी विरघळवणारं अल्टेप्लेज. ह्या पेशी नाजूक, हळू वाढणाऱ्या आणि महाग, आज बाजारातल्या बहुतेक अँटिबॉडी औषधांचा कारखाना ह्याच पेशी आहेत म्हणून ती औषधं एवढी महाग (हे एकच कारण नाही, पण एक आहे).

मधला पर्याय यीस्ट. यीस्ट आपल्याला नवीन नाही, पोदेर, म्हणजे आपले पाववाले, माडाच्या ताडीवर पीठ फुगवायचे तेव्हापासून ते आपल्याकडे नोकरीला आहे. १९८६ मध्ये हिपॅटायटिस बी ची पहिली रिकॉम्बिनंट लस यीस्टमधून आली, आणि आपल्या देशात हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये तशी स्वतःची लस काढली. इन्सुलिन भारतात बनवणाऱ्यांनीही यीस्टचीच वाट धरली, वोकार्टने २००३ मध्ये, त्यांचं काम औरंगाबादला चालायचं, आणि पुढच्या वर्षी बायोकॉनने. बायोकॉनचं यीस्ट पिकिया जातीचं, त्याला मेथॅनॉल पाजलं की ते प्रोटीन करायला लागतं. हो, मेथॅनॉल, जे माणसाने प्यालं तर डोळे जातात.

इन्सुलिनला साखर लागत नाही, आकाराने लहान, म्हणून बॅक्टेरियाही चालतो. आपण ई. कोलाय धरून पुढे जाऊ, कॉलेजच्या लॅबमध्ये तोच असतो.

जीन आणायचा, पण शरीरातला जसाच्या तसा नाही

माणसाच्या डीएनएमध्ये इन्सुलिनच्या जीनमध्ये मध्येमध्ये दोन इन्ट्रॉन आहेत, फालतू मजकूर म्हणा, आपली पेशी तो कापून टाकते आणि बॅक्टेरियाला ते जमत नाही. म्हणून पूर्वी पेशीतला एमआरएनए, म्हणजे फालतू मजकूर कापून झालेली जीनची प्रत, घेऊन, रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज नावाचं एन्झाइम वापरून त्याचा उलटा डीएनए करायचे, तो सीडीएनए. आता एवढं कोणी करत बसत नाही, कंपनीला सिक्वेन्स ईमेल करायचा, काही आठवड्यांत जीन टिचभर ट्यूबमध्ये सुकवून कुरियरने येतो. गंमत म्हणजे १९७८ मध्ये बॅक्टेरियातून पहिल्यांदा माणसाचं इन्सुलिन काढलं तेव्हाही जीन शरीरातून आणलाच नव्हता, कॅलिफोर्नियात इताकुरा आणि रिग्ज ह्यांच्या टीमने रसायनं जोडून हाताने बनवलेला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी जेनेनटेक कंपनीबरोबर १४ अमिनो आम्लांचं सोमॅटोस्टॅटिन करून सराव केला होता.

ऑर्डर देताना कोडॉन, म्हणजे एकेका अमिनो आम्लासाठीचे डीएनएचे तीन अक्षरी शब्द, बॅक्टेरियाच्या सवयीचे करून मागा. एकाच अमिनो आम्लाला अनेक कोडॉन असतात, जसं मी पाव आणायला पोदेराकडे जाते आणि माझी पुण्याची मावसबहीण बेकरीत जाते, पाव तोच. आर्जिनिनचे एजीए आणि एजीजी हे कोडॉन आपल्या पेशीला रोजचे, ई. कोलायला मात्र कधीतरी ऐकलेले, असले चार लागोपाठ आले की तो अडखळतो आणि प्रोटीन अर्धवट सुटतं.

आणि जीनचा कुठला भाग घ्यायचा तेही ठरवायचं. शरीरात आधी ११० अमिनो आम्लांची लांब साखळी होते, तिच्यातली पुढची २४ सिग्नलची, ती कापली की ८६ चं प्रोइन्सुलिन राहतं. ह्यात तीन तुकडे, ३० ची बी साखळी, मध्ये सी पेप्टाइड, मग २१ ची ए साखळी. मधला भाग घडी नीट पडेपर्यंत दोन साखळ्यांना जवळ धरून ठेवतो आणि मग कापला जातो. जेनेनटेकवाल्यांनी सुरुवातीला ए आणि बी वेगवेगळ्या बॅक्टेरियात करून मागाहून जोडलेल्या, त्यात बराच माल वाया जायचा, नंतर सगळे प्रोइन्सुलिनवर आले. आपणही प्रोइन्सुलिनच घेऊ, पुढे सहा हिस्टिडिनचं शेपूट लावू (शेपूट पुढे कसं असेल, पण टॅगला दुसरा शब्द सुचत नाही), आणि शेपूट व बी साखळीच्या मध्ये एक आर्जिनिन ठेवू, म्हणजे नंतर कात्री तिथेही चालेल.

कापणं आणि जोडणं

प्लाझमिड म्हणजे बॅक्टेरियातलं छोटं गोल डीएनए. प्रोजेक्टला बहुतेक ठिकाणी पीईटी-२८ए असतं. त्यात चार गोष्टी बघायच्या, प्रत निघण्याची जागा, कॅनामायसिनला टिकण्याचा जीन, टी-७ प्रमोटर म्हणजे चालू-बंदचा स्विच, आणि कात्री लागायच्या जागा. कात्र्या म्हणजे रिस्ट्रिक्शन एन्झाइम, ईको-आर-वन जीएएटीटीसी दिसलं की तिथेच कापतो, दुसरीकडे नाही. १९७३ मध्ये कोहेन आणि बॉयर ह्यांनी ह्याच कात्रीने एका प्लाझमिडमध्ये दुसऱ्याचा तुकडा बसवला आणि बॅक्टेरियाने तो आपला समजून वाढवला, सगळी गोष्ट तिथून सुरू झाली.

इथे मी केलेली चूक तुम्ही करू नका. मी दोन्ही टोकांना एकच कात्री वापरली, ईको-आर-वनच, कारण फ्रीजमध्ये तीच एक शिल्लक होती. दोन्ही टोकं सारखी झाली की जीन सरळही बसतो आणि उलटाही बसतो, आणि माझा उलटा बसला. कॉलन्या मस्त आल्या, पीसीआरला बँड आला, मी सगळ्यांना पेढे वाटायच्या बेतात, आणि प्रोटीन काही येईना. तीन आठवडे मी आयपीटीजीला, म्हणजे स्विच चालू करणाऱ्या रसायनाला, शिव्या देत होते. शेवटी सिक्वेन्सिंगला पाठवलं तेव्हा कळलं. तर नेहमी दोन वेगवेगळ्या कात्र्या घ्या, एका टोकाला एनडीई-वन, दुसऱ्याला दुसरी कुठली तरी, म्हणजे जीन एकाच दिशेने बसतो. आणि फ्रेम, म्हणजे जीन कुठल्या अक्षरापासून वाचायचा ते, बोटाने मोजा, तीन-तीन अक्षरं, एक अक्षर जास्त झालं की पुढचं सगळं वाक्य बिघडतं. सॉफ्टवेअर असलं तरी मोजा.

बाकी सरळ आहे. ३७ डिग्रीला कापायचं, अगरोज जेलवर चालवून हवा तो तुकडा कापून घ्यायचा, प्लाझमिडच्या एका रेणूला जीनचे साधारण तीन ह्या प्रमाणात टी-फोर लायगेज, म्हणजे डिंक, घालून रात्रभर १६ डिग्रीला ठेवायचं. सकाळी कॅल्शियम क्लोराइडने तयार केलेल्या डीएच-५-अल्फा ह्या ई. कोलायच्या पेशींत घालून अर्धा तास बर्फात, मग ४२ डिग्रीला ४५ सेकंद, परत बर्फात, मग एलबीमध्ये, म्हणजे बॅक्टेरियाच्या खाण्याच्या पाण्यात, तासभर ३७ ला, आणि कॅनामायसिनच्या प्लेटवर पसरायचं. ४५ सेकंद म्हणजे ४५ सेकंद, फोन आला तर घेऊ नका. सोबत दोन जास्तीच्या प्लेट करा, एक जीनशिवाय जोडलेल्या प्लाझमिडची आणि एक काहीच न घातलेल्या पेशींची, दुसऱ्यावर कॉलन्या आल्या तर तुमचं अँटिबायोटिक मेलेलं आहे, घरी जा आणि उद्या परत करा. सिक्वेन्स बरोबर आला की तेच प्लाझमिड बीएल-२१-डीई-३ ह्या जातीत घालायचं, कारण टी-७ स्विच चालवणारा माणूस त्याच्याच घरी राहतो.

प्रोटीन चालू करणं

रात्री एक कॉलनी थोड्या एलबीमध्ये लावायची, सकाळी ती शंभर पट नव्या एलबीत घालायची, शेकरवर ३७ ला हलवत ठेवायची, दर अर्ध्या तासाने ६०० नॅनोमीटरवर ओडी, म्हणजे गढूळपणा, बघायचा. ०.६ च्या आसपास आला की एक मिली काढून बाजूला ठेवा, हे "आधीचं" सॅम्पल, पोरं हेच विसरतात आणि मग जेलवर तुलना कशाशी करणार. मग आयपीटीजी, अर्धा ते एक मिलीमोलर. ते लॅक्टोजचं सोंग आहे, पेशीला वाटतं दूध आलं, स्विच चालू होतो, आणि तीन-चार तास ती दुसरं सगळं सोडून तुमचं प्रोटीन करत बसते.

हे सगळं पावसाळ्यात करत असाल तर शेकर यूपीएसवर आहे का ते स्वतः बघा, विचारू नका, बघा. जूनच्या पहिल्या वादळात माझं रात्रभराचं इंडक्शन, म्हणजे आयपीटीजी घालून प्रोटीन करवणं, चालू असताना लाईट गेली, सकाळी फ्लास्कमध्ये तळाला चिखल आणि वास असा की लॅब असिस्टंट दादा म्हणाला, "मॅडम, हुर्राक लावला काय?" (हुर्राक म्हणजे काजूची पहिली दारू.) हलणं थांबलं की हवा संपते, मग पेशी आंबवायला लागतात, आम्ल सोडतात. कारखान्यातल्या फर्मेंटरमध्ये पण सगळी मारामारी हवेसाठीच असते, हजारो लिटरच्या टाकीत खालून हवा फुंकायची, पंख्याने फोडायची, ग्लुकोज थेंबथेंब द्यायचा कारण एकदम दिला तर तेच आम्ल. काजूच्या मोसमात सत्तरी तालुक्यात निरो, म्हणजे काजूच्या बोंडाचा रस, आंबवतात तिथे कोणी यीस्ट पेरत नाही, बोंडावर असतं तेच काम करतं, आणि फेणी होते. इथे तेच रानटी यीस्ट आत शिरलं तर पूर्ण बॅच गटारात.

आता तो शेवटचा बाण

पेशी सेंट्रिफ्यूज करा, सोनिकेटरने बर्फावर फोडा, परत फिरवा. आता बघायचं की प्रोटीन वरच्या पाण्यात आहे की खालच्या गाळात. प्रोटीन आकारावरून वेगळं करणारं साधं एसडीएस जेल लावू नका, प्रोइन्सुलिन नऊ-दहा किलोडाल्टनचं पोर, ते जेलमधून पळून खालच्या बफरमध्ये जाईल आणि तुम्ही म्हणाल प्रोटीन आलंच नाही. ट्रायसिन जेल वापरा. आणि इन्सुलिनच्या बाबतीत उत्तर मी आत्ताच सांगते, गाळात.

बॅक्टेरिया एवढ्या वेगाने करतो की घडी घालायला वेळच नसतो, शिवाय त्याच्या पोटातलं वातावरण असं की सल्फरचे पूल तिथे बांधले जात नाहीत. मग सगळ्या साखळ्या एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात, मोदकाची उकड नीट मळली नाही की होतात तशा. ह्यांना इन्क्लुजन बॉडी म्हणतात. पहिल्यांदा बघून मला रडू आलेलं, नंतर कळलं की इंडस्ट्रीत ह्याला कोणी रडत नाही, कारण गुठळीत प्रोटीन बऱ्यापैकी शुद्ध असतं आणि पेशीतल्या प्रोटीन खाणाऱ्या एन्झाइमांपासून वाचतं.

गाळ दोन-तीनदा डिटर्जंटने धुवा, मग ८ मोलर युरियात विरघळवा, सोबत सल्फरचे चुकीचे पूल तोडणारं काहीतरी, डीटीटी किंवा मर्कॅप्टोइथेनॉल (वास महिनाभर केसात राहतो, फ्युम हूडमध्येच उघडा). आता साखळी पूर्ण उलगडली. हिस्टिडिनचं शेपूट निकेलच्या कॉलमला पकडून ठेवतं, इथेच युरियासकट एकदा कॉलममधून काढून घ्या. डीटीटी वापरलं असेल तर ते आधी घालवा, नाहीतर कॉलम तपकिरी होतो.

मग खरी परीक्षा, परत घडी घालणं. इन्सुलिनमध्ये सहा सिस्टीन आहेत, ते जोड्याजोड्यांनी हात धरतात. चवथीला सहा बायका फुगडीला उभ्या राहिल्या तर तीन जोड्या किती प्रकारे लागतील? पंधरा. त्यातला एकच प्रकार औषध, बाकीचे चौदा कचरा. म्हणून सावकाश करायचं, प्रोटीन खूप पातळ करून, थंडीत, पीएच १० च्या आसपास, आणि सिस्टीन-सिस्टिनचं किंवा ग्लुटाथायोनचं मिश्रण घालून, जेणेकरून चुकीचा हात धरला तर सुटेल आणि परत धरता येईल. घाई केली, प्रोटीन दाट ठेवलं, की सगळं परत दुधासारखं पांढरं होतं आणि तुम्ही परत गाळावर. मी एका आठवड्यात चार प्रकारचे बफर लावून बघितले, चौथ्यात जमलं, आणि जमलं म्हणजे काय तर घातलेल्यातलं निम्मं सुद्धा नाही. कारखान्यात हे पातळ करणंच महागात पडतं, कारण टाक्याच टाक्या लागतात.

घडी पडली की कात्री, ह्या वेळी प्रोटीनची. ट्रिप्सिन आर्जिनिन आणि लायसीनच्या पुढे कापतो, त्यामुळे शेपूट आणि सी पेप्टाइड सुटतं, आणि उरलेले आर्जिनिन कार्बोक्सिपेप्टिडेज बी खाऊन टाकतो. भानगड अशी की बी साखळीच्या २९ व्या जागी पण लायसीन आहे. ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवला तर तो तिथेही कापतो आणि शेवटचं एक अमिनो आम्ल गळतं. म्हणून थोडा एन्झाइम, कमी तापमान, आणि दर काही मिनिटांनी सॅम्पल काढून एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून ग्राफ काढणाऱ्या यंत्रावर, बघायचं, बरोबर क्षणी आम्ल घालून थांबवायचं. भाजीचं मीठ कुठे पुरे म्हणायचं ते जसं हाताला कळतं तसं इथे कळत नाही, ग्राफच बघावा लागतो. सुरुवातीच्या इन्सुलिनवाल्यांनी ह्याला वेगळी युक्ती केलेली, त्यांनी साखळी एका मोठ्या प्रोटीनला मेथिओनिनने जोडली आणि सायनोजेन ब्रोमाइडने कापली, ते फक्त मेथिओनिनला कापतं आणि इन्सुलिनमध्ये मेथिओनिन एकही नाही. डोकं बघा लोकांचं. फक्त सायनोजेन ब्रोमाइड जबरदस्त विषारी.

शुद्ध म्हणजे किती शुद्ध

प्रोजेक्टमध्ये जेलवर एक बँड दिसला की फोटो काढून थीसिसमध्ये लावतात. माणसाला टोचायचं असेल तर तो बँड म्हणजे सुरुवात. आयन एक्स्चेंज, मग रिव्हर्स फेज एचपीएलसी, मग आकारावरून वेगळं करणारा कॉलम, मग जस्त घालून क्रिस्टल. इन्सुलिनचे सहा रेणू दोन जस्ताच्या अणूंभोवती गोळा होऊन बसतात, त्यामुळे क्रिस्टल सुंदर पडतात आणि मळ बाहेर राहतो. शेवटी मास स्पेक्ट्रोमीटरवर ५८०८ डाल्टनच्या जवळ आकडा यायला हवा, १६ ने जास्त आला तर कुठेतरी ऑक्सिजन चिकटलाय, १०१ ने कमी आला तर तेच ट्रिप्सिनने जास्त खाल्लेलं शेवटचं थ्रिओनिन.

आणि एंडोटॉक्सिन. ई. कोलायच्या बाहेरच्या आवरणातली ही चरबीवाली साखर रक्तात अगदी नॅनोग्रॅममध्ये गेली तरी हुडहुडी भरून ताप येतो, जास्त झाली तर बीपी कोसळतं. ऑटोक्लेव्हमध्ये दाबाच्या वाफेवर उकळलं तरी ती जात नाही, काचेच्या बाटल्या २५० डिग्रीला अर्धा तास भाजाव्या लागतात. तपासायला हॉर्सशू खेकड्याच्या निळ्या रक्तातून काढलेला एलएएल नावाचा पदार्थ वापरतात, आता त्यातलं मुख्य प्रोटीन पण रिकॉम्बिनंट मिळतं, म्हणजे डुकरांसारखे खेकडेही सुटायच्या मार्गावर. माझं आत्ताचं काम वेर्ण्याला क्वालिटी कंट्रोलमध्ये, त्यामुळे हा भाग मी आणखी चार पानं लिहू शकते, पण आवरते. एवढं मात्र ठासून सांगते की कॉलेजात काढलेलं प्रोटीन कितीही शुद्ध दिसलं तरी ते उंदरालाही परवानगीशिवाय टोचायचं नाही, स्वतःला तर नाहीच. असली कल्पना हॉस्टेलवर रात्री दोन वाजता कोणाला तरी सुचतेच म्हणून लिहिलं.

परवानगीचं थोडक्यात. जीन इकडचा तिकडे करायचा तर संस्थेत बायोसेफ्टी कमिटी लागते, तिच्याकडे आधी अर्ज द्यायचा, मोठं काम दिल्लीला आरसीजीएम ह्या केंद्राच्या कमिटीकडे जातं, आणि औषध म्हणून विकायचं तर सीडीएससीओ, म्हणजे केंद्राचं औषध नियंत्रण खातं. सगळ्याचं मूळ १९८९ च्या नियमांत. दुसऱ्याच्या औषधासारखं औषध काढणाऱ्यांना सिमिलर बायोलॉजिक्सची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, २०१२ ची, २०१६ मध्ये सुधारलेली. आमच्या कॉलेजात कमिटीचा फॉर्म भरायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात जीन अमेरिकेतून आला असता.

जीन आपल्या हातात आहे म्हटल्यावर माणसं गप्प बसत नाहीत. बी साखळीतली २८ आणि २९ वी अमिनो आम्लं अदलाबदल केली की इन्सुलिनचे गोळे लगेच सुटतात आणि औषध पटकन लागू पडतं, हे लिस्प्रो, १९९६ चं. उलट ए साखळीचं शेवटचं अमिनो आम्ल बदलून ग्लायसिन केलं आणि बी च्या शेवटी दोन आर्जिनिन लावले की ते कातडीखाली गोठून बसतं आणि दिवसभर हळूहळू सुटतं, हे ग्लार्जिन, २००० चं. डुकराकडून असलं काही करून घेता आलं नसतं.

कुपी घरी आल्यावर

एवढं सगळं करून जे निघतं ते किती असतं बघा. आपल्याकडची १० मिलीची साधी कुपी असते तिच्यात मिलीला ४० युनिट, म्हणजे एकूण ४०० युनिट, आणि वजन केलं तर जेमतेम १४ मिलिग्रॅम. बाकी पाणी, जस्त, ग्लिसरिन, आणि मेटाक्रेसॉल, तो डॉक्टरच्या दवाखान्यासारखा वास येतो तो त्याचा.

पेनमध्ये घालायची कार्ट्रिज मात्र मिलीला १०० युनिटची असते. सिरिंजही दोन, ४० वाली लाल टोपीची, १०० वाली केशरी टोपीची. ४० ची कुपी आणि १०० ची सिरिंज असा संसार जमवला तर डोस निम्म्याहून कमी जातो आणि शुगर का उतरत नाही म्हणून सगळे आजीच्या गोडावर खापर फोडतात. उलटं केलं, १०० चं औषध ४० च्या सिरिंजने, तर अडीचपट जातं, आणि ते जास्त धोक्याचं. फार्मसीत टोपीचा रंग बघून घ्या.

न उघडलेली कुपी २ ते ८ डिग्रीत, म्हणजे फ्रीजच्या मधल्या कप्प्यात. फ्रीझरला चिकटवून नाही, एकदा गोठलं की इन्सुलिन बिघडतं, वितळल्यावर दिसायला सारखंच दिसलं तरी टाकायचं. वापरात असलेली कुपी सावलीत बाहेर साधारण चार आठवडे राहते, पण आपल्याकडे मे महिन्यात घरात तेहतीस-चौतीस असतं, तेव्हा ती मातीच्या भांड्यात, ओल्या फडक्यात ठेवा. लाईट गेली तर फ्रीज उघडू नका, बंद दाराआड थंडावा काही तास टिकतो.

आजी कुपी फ्रीजच्या दारात ठेवायची, सोलकढीच्या तांब्याशेजारी, आणि दार दिवसातून पन्नासदा उघडायचं. मी ती आतल्या कप्प्यात एका डब्यात ठेवली आणि डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, "औषध". दुसऱ्या दिवशी बघते तर डब्यात कुपीच्या बाजूला सुकी सुंगटं, म्हणजे सुकी कोळंबी. म्हटलं आजी, हे काय. तर म्हणाली, "किडेच ना दोन्ही?"